सोलापुरात जागतिक इतिहासाची माहितीपट-मालिका दाखवायची आहे : कोणते भाग, कशी मांडणी, परवानगी कुणाची?

प्रश्न : वाचनकट्टा

नमस्कार मंडळी,

सोलापुरातल्या एका वाचनालयात जुलैपासून आठ रविवार विसाव्या शतकातल्या जागतिक घडामोडींवरची माहितीपट-मालिका दाखवायचा विचार आहे. येणारी मंडळी मिश्र असतील. बारावीची, पदवीची आणि स्पर्धा परीक्षेची मुलं, इतिहासाचे शिक्षक आणि पेठांमधली ज्येष्ठ माणसं. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. इंग्रजी निवेदन वेगात सुरू झालं की निम्म्या लोकांचा धागा सुटणार, हे उघड आहे.

सभागृह ४० फूट लांब, २५ फूट रुंद. दोन्ही बाजूंना खिडक्या, भिंती कोऱ्या, फरशी शहाबादी. ३५०० ल्युमेनचा प्रोजेक्टर भाड्यानं मिळतोय. लॅपटॉप, दोन कॉलम स्पीकर आणि छोटा मिक्सर वाचनालयाकडे आहे.

सगळे जण 'द वर्ल्ड ॲट वॉर' सुचवतात. पण तिचे २६ भाग आठ रविवारांत बसत नाहीत आणि ती १९७३ ची आहे. त्यातलं काय निवडावं? तेव्हा माहीत नव्हतं असं काय आज वेगळं सांगावं लागेल? मराठी उपशीर्षकं करायची तर काम कितीचं? प्रवेश मोफत असला तरी परवानगी लागते का? आणि चीन-जपान युद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा सोलापूरचा धागा या सगळ्यात नेमका कुठे जोडावा?

उत्तर १ : अशोक चौक

निवडीपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

'द वर्ल्ड ॲट वॉर' थेम्स टेलिव्हिजननं केली. ऑक्टोबर १९७३ ते मे १९७४ या काळात ती ब्रिटनमध्ये दाखवली गेली. निर्माते जेरेमी आयझॅक्स, निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए यांचं. याच आयझॅक्स यांनी १९९८ मध्ये 'कोल्ड वॉर' ही २४ भागांची मालिका केली. दोन्हींची घडण सारखी आहे : मूळ चित्रफिती, प्रत्यक्षदर्शींच्या मुलाखती आणि मोजकं निवेदन. म्हणून माझा सल्ला असा की पहिल्या मालिकेतले पाच आणि दुसरीतले तीन भाग घ्या. म्हणजे १९३३ पासून १९८९ पर्यंतचा काळ एका पद्धतीनं सलग दिसेल आणि प्रेक्षकाला दर आठवड्याला नव्या शैलीशी जुळवून घ्यावं लागणार नाही.

पहिलीतून भाग १ (जर्मनीत नाझींचा उदय), भाग ६ (१९३१ पासूनचा जपान), भाग १४ (ब्रह्मदेशची आघाडी), भाग २० (ज्यूंचा वंशसंहार) आणि भाग २४ (अणुबॉम्ब). दुसरीतून भाग ४ (बर्लिनची नाकेबंदी), भाग १० (क्युबा) आणि भाग २३ (भिंत कोसळली). लढायांचे भाग मुद्दाम सोडलेत. स्टालिनग्राडचा भाग उत्तम आहे, पण त्याच्या आधी रशियावरच्या आक्रमणाचा भाग पाहिला नसेल तर तो नुसता बर्फ आणि तोफा होऊन बसतो. भाग २० ला मात्र शाळकरी मुलं नकोत. त्यातली दृश्यं विदारक आहेत आणि ती कापून दाखवणं मला योग्य वाटत नाही.

आता १९७३ च्या मर्यादा. प्रत्येक भागाआधी पाच मिनिटांत हे सांगायलाच हवं : ही मालिका कोणत्या वर्षी बनली आणि त्या वर्षी कुठली कागदपत्रं बंद होती.

सगळ्यात मोठी उणीव सांकेतिक संदेशांची. ब्रिटनच्या ब्लेचली पार्क या गुप्त केंद्रात जर्मन एनिग्मा यंत्राचे सांकेतिक संदेश उलगडले जात होते, ही गोष्ट १९७४ च्या उत्तरार्धात लोकांसमोर उघडपणे आली. तोवर मालिका संपली होती. त्यामुळे अटलांटिकमधल्या पाणबुडीयुद्धाचा भाग दाखवलात तर त्यातलं अर्धं कारण गायब असेल.

दुसरी उणीव सोव्हिएत बाजूची. १९३९ च्या हिटलर-स्टालिन कराराला गुप्त पुरवणी होती हे मॉस्कोनं डिसेंबर १९८९ मध्ये मान्य केलं, कातिनमधल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या हत्येची जबाबदारी एप्रिल १९९० मध्ये. सोव्हिएत मृतांचा अधिकृत आकडा त्या काळी २ कोटी होता. १९९० नंतर तो साधारण २ कोटी ६६ लाख धरला जातो. नाझींच्या आउश्वित्झ छावणीबद्दलही जुन्या साहित्यात ४० लाखांचा सोव्हिएत आकडा भेटतो. आजच्या संशोधनानुसार तिथं सुमारे ११ लाख माणसं मारली गेली. आकडा खाली का आला हे नीट समजावून सांगा. वाहतुकीच्या नोंदी तपासून तो पक्का झालाय, गुन्हा लहान झालेला नाही. हा प्रश्न प्रेक्षकांतून हमखास येतो आणि चुकीच्या हेतूनंही विचारला जातो.

तिसरी गोष्ट मुलाखतींची. आल्बर्ट श्पेअर, हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री, या मालिकेत शांतपणे, सुसंस्कृत माणसासारखा बोलतो. संहाराची आपल्याला माहिती नव्हती, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. ६ ऑक्टोबर १९४३ ला पोझनानमध्ये एसएस या नाझी दलाचा प्रमुख हिमलर यानं ज्यूंना संपवण्याबद्दल उघड भाषण केलं, तेव्हा आपण तिथं होतो, हे त्यानं १९७१ च्या एका खासगी पत्रात लिहिलं होतं. ते पत्र २००७ मध्ये प्रकाशात आलं. म्हणजे कॅमेऱ्यासमोर बसला तेव्हा त्याला सत्य माहीत होतं. विद्यार्थ्यांना साक्षीदाराचं म्हणणं कसं तपासावं हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्याची मुलाखत आधी दाखवा, चर्चा होऊ द्या, मग पत्राबद्दल सांगा.

'कोल्ड वॉर' ला याचा उलटा फायदा मिळाला. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर काही दफ्तरं आणि बरीच तोंडं उघडली होती. क्युबात युद्धभूमीवर वापरायची लहान अण्वस्त्रंसुद्धा पोचली होती, हे १९९२ च्या हवाना परिषदेत उघड झालं, आणि मालिका त्यानंतरची आहे. त्या भागाच्या वेळी फळ्यावर दोन तारखा शेजारी लिहा : क्युबा पेचप्रसंग १६ ते २८ ऑक्टोबर १९६२, आणि चीनचं भारतावरचं आक्रमण २० ऑक्टोबर १९६२. आपल्याकडच्या ज्येष्ठांना दुसरी तारीख आठवते, पहिली नाही. दिल्लीला मदत मागायची वेळ आली तेव्हा वॉशिंग्टन आणि मॉस्कोचं लक्ष कुठे होतं, हे एका नजरेत कळेल.

भाग १४ बद्दल आग्रहानं सांगतो. ब्रह्मदेशच्या आघाडीकडे त्यात मुख्यतः ब्रिटिश सैनिकाच्या नजरेनं पाहिलंय. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख माणसं होती, १९४४ च्या इंफाळ-कोहिमा लढाईत आझाद हिंद सेना समोरच्या बाजूला होती, आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात अंदाजे ३० लाख लोक गेले. हे तिन्ही तुम्हाला बाहेरून जोडावं लागेल. त्या रविवारी एक तास वाढवून घ्या.

उत्तर २ : फिल्मरीळ

सभागृहाच्या मापांवरून बोलतो.

या मालिका ४:३ आकाराच्या आहेत. पहिली चूक इथंच होते : प्रोजेक्टर किंवा लॅपटॉप चित्र रुंद पडद्यावर ताणतो आणि सगळे चेहरे चपटे होतात. प्रोजेक्टरच्या मेनूत आस्पेक्ट 'ऑटो' किंवा 'ओरिजिनल' ठेवा. व्हीएलसी या लॅपटॉपवर चित्रफिती चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ए' कळ दाबत गेलात की प्रमाण बदलतं, ४:३ वर थांबा. दुसरं, 'द वर्ल्ड ॲट वॉर' ची २०१० ची ब्लू-रे आवृत्ती १६:९ करण्यासाठी वरून-खालून कापलेली आहे. चित्र स्वच्छ आहे, पण कपाळं आणि हातातले फलक कापले जातात. पर्याय असेल तर ४:३ चीच प्रत घ्या, थोडी धूसर असली तरी.

तुमच्या ४० फुटांत शेवटची रांग पडद्यापासून ३६ फुटांवर येईल. उपशीर्षकं वाचायची असतील तर शेवटच्या रांगेचं अंतर पडद्याच्या रुंदीच्या साडेचार पटीच्या पुढे जाऊ देऊ नका. म्हणजे ८ बाय ६ फूट चित्र हवं. प्रोजेक्टर १६:९ चा असेल तर ६ फूट उंचीसाठी त्याची पूर्ण चौकट १० फूट ८ इंच रुंद होते. थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चौकटीची रुंदी) १.५ धरला तर तो पडद्यापासून १६ फुटांवर, म्हणजे थेट प्रेक्षकांच्या मधोमध येतो. तिथली चार खुर्च्यांची जागा आधीच सोडा आणि वायर जमिनीला टेपनं चिकटवा. चित्राची खालची कड जमिनीपासून साडेचार फुटांवर ठेवा, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांमागे उपशीर्षकं झाकली जातात. वरची कड साडेदहा फुटांवर जाईल, पंखे आडवे येतात का ते पाहून घ्या.

उजेडाचं गणित. ८ बाय ६ म्हणजे ४८ चौरस फूट. पूर्ण अंधारात चित्रपटगृहासारख्या उजळपणाला साधारण ७७० ल्युमेन पुरतात. तुमचा ३५०० चा प्रोजेक्टर ४:३ चित्रात फक्त तीन चतुर्थांश पॅनेल वापरणार, म्हणजे २६०० च्या आसपास. भाड्याच्या यंत्राचा दिवा जुना असेल तर निम्मं धरा. तरीही पुरे. खरी अडचण खिडक्यांची आहे. जुन्या कृष्णधवल चित्रफितींमध्ये बराचसा तपशील गडद करड्या छटांत असतो. बाहेरचा उजेड पडद्यावर पडला की काळा रंग करडा होतो आणि तो तपशील आधी जातो. जास्त ल्युमेन आणून हे सुटत नाही, खिडक्याच बंद कराव्या लागतात.

त्यासाठी काळं कापड विकत आणू नका. जाड सोलापुरी चादरी दुहेरी करून खिडक्यांवर लावा आणि उरलेल्या मागच्या भिंतीवर, भिंतीपासून तीन-चार इंच पुढे, चुण्या पाडून टांगा. कोरं प्लास्टर आणि शहाबादी फरशी यांमुळे तुमच्याकडे आवाज घुमणारच. मागची भिंत कापडानं झाकली की निवेदनाचे शब्द वेगळे ऐकू येऊ लागतात.

आवाजातला एक सापळा नीट समजून घ्या. 'द वर्ल्ड ॲट वॉर' चा मूळ ध्वनी मोनो आहे, म्हणजे डाव्या-उजव्या वाहिनीवर तंतोतंत तोच. लॅपटॉपची ३.५ मिमी स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन कड्यांची जाड पिन असलेली वायर मिक्सरच्या बॅलन्स्ड मोनो इनपुटमध्ये घातलीत, तर मिक्सर दोन वाहिन्यांमधला फरक घेतो. दोन्ही सारख्याच असल्यानं फरक शून्य! मग आवाज जवळजवळ गायब होतो किंवा विहिरीतून आल्यासारखा येतो, आणि लोक स्पीकर बदलत बसतात. ३.५ मिमी पासून दोन वेगळ्या मोनो पिना निघणारी वायर घ्या आणि स्टीरिओ चॅनेलमध्ये लावा. घूं असा सततचा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहा. थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे, लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मध्ये तो फेरा तोडणारा डीआय बॉक्स लावायचा. चॅनेलवर १०० हर्ट्झच्या खालचं कापा. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना कानाच्या उंचीपेक्षा थोडे वर आणि किंचित आत वळवलेले ठेवा.

वीज गेली तर. दिव्याचा प्रोजेक्टर एकदम बंद पडला की पंखाही थांबतो, दिवा तापलेलाच राहतो आणि लगेच पुन्हा पेटत नाही. प्रोजेक्टरचे ३०० वॉट, लॅपटॉपचे ६५ असे धरून फक्त या दोघांना १ केव्हीएचा यूपीएस द्या. ॲम्प्लिफायर त्यावर टाकू नका. पाच-सात मिनिटं मिळाली तरी यंत्र रीतसर बंद करता येतं.

डीव्हीडीवरून दाखवणार असाल तर हलत्या चित्राच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसतील. व्हीएलसीत 'डी' कळ दाबली की डीइंटरलेस सुरू होतं.

उत्तर ३ : सात रस्ता

उपशीर्षकांबद्दल. पाऊण-एक तासाच्या एका भागाला पाच-सहाशे नोंदी सहज होतात. आठ भागांचं काम एकट्याचं नाही. दोघांनी भाषांतर, तिसऱ्यानं फक्त वेळ जुळवणं आणि चौथ्यानं कागद न पाहता पडद्यावर वाचून तपासणं, अशी वाटणी करा.

सबटायटल एडिट हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. इंग्रजी एसआरटी फाइल (उपशीर्षकं आणि त्यांच्या वेळा असलेली) समोर ठेवून त्याच वेळांवर मराठी लिहायचं. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. डीटीपीवाल्याकडून जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करून घेतलंत तर पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरं येतील. युनिकोडच हवं. व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये फॉन्ट 'मंगल' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' ठेवा. टीव्हीच्या यूएसबीवरून थेट चालवू नका. कित्येक टीव्हींना देवनागरी जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, 'युद्ध' चा पाय मोडतो आणि वेलांट्या भलतीकडे जातात.

वेळ सरकण्याची तक्रार हमखास येते. ब्रिटिश प्रत सेकंदाला २५ चौकटींची असते आणि नेटवर मिळालेली इंग्रजी फाइल बऱ्याचदा २३.९७६ च्या प्रतीसाठी केलेली असते. सुरुवातीला सगळं जुळतं आणि पन्नासाव्या मिनिटाला उपशीर्षक दोन मिनिटं मागे असतं. व्हीएलसीत 'जी' आणि 'एच' कळांनी ५० मिलिसेकंदांनी पुढे-मागे करता येतं, पण हा दोष त्यानं जात नाही, कारण अंतर वाढत जातं. सबटायटल एडिटमध्ये 'चेंज फ्रेम रेट' मधून २३.९७६ वरून २५ करा, एका झटक्यात सुटेल. मराठी टाइप करायच्या आधी हे करा.

एका वेळी दोनच ओळी. दहा शब्दांना चार सेकंद तरी द्या. सॉफ्टवेअर काना-मात्रा वेगळ्या अक्षरांसारख्या मोजतं, त्यामुळे 'फार लांब' असा लाल इशारा उगाच दिसतो. त्यावर न जाता मोठ्यानं वाचून पाहा. निवेदनाचं पूर्ण भाषांतर करू नका, आशय घ्या. मुलाखती मात्र शक्य तितक्या पूर्ण ठेवा, कारण तिथं माणूस कुठल्या शब्दाशी अडखळतो यालाच मोल आहे. माणसांची आणि गावांची नावं बारावीच्या पाठ्यपुस्तकात जशी छापलीत तशीच लिहा, नाहीतर मुलांना एकच गाव दोन वाटतील.

ज्येष्ठांपैकी ज्यांना इतकं वेगानं वाचणं जमत नाही त्यांच्यासाठी एका पानावर मोठ्या टाइपात नकाशा, दहा नावं आणि सहा तारखा छापून द्या.

वाचनकट्टा

फारच मोलाचं आहे हे सगळं, मनापासून आभार. परवानगीचा मुद्दा अजून राहिला. तिकीट नाही, देणगीपेटीसुद्धा नाही. तरीही लागते?

उत्तर ४ : विजापूर वेस

लागते. तिकीट नाही म्हणून सूट मिळत नाही.

प्रताधिकार कायदा १९५७, कलम ५२(१) मधला खंड (जे) शिक्षणसंस्थेला सवलत देतो. संस्थेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवता येतो, पण प्रेक्षक म्हणजे तिथले शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढेच. सर्वांना खुलं वाचनालय त्यात बसत नाही. हौशी मंडळांनी मोफत कार्यक्रम केला तर सूट देणारा खंड (एल) आहे, तो पुष्कळ लोक दाखवतात. पण ती सूट साहित्य, नाट्य आणि संगीतकृतींच्या सादरीकरणाला आहे, चित्रपटाला नाही. ओटीटीचं सदस्यत्व किंवा विकत घेतलेली डीव्हीडी घरगुती पाहण्यासाठी असते. शिवाय सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्न वेगळा.

त्यामुळे तुमच्यापुढे सरळ वाटा दोन. एक, एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागानं हा आपला उपक्रम म्हणून आपल्या आवारात घ्यावा, प्रेक्षक वरच्या यादीपुरते ठेवावेत आणि हजेरीपत्रक ठेवावं. मग पेठेतली मंडळी त्यात येत नाहीत. दोन, हक्कधारकाकडे नॉन-थिएट्रिकल, म्हणजे चित्रपटगृहाबाहेरच्या प्रदर्शनाचा परवाना मागावा. थेम्सचा संग्रह आता फ्रीमँटलकडे आहे. पत्रात भागांचे क्रमांक, तारखा, सभागृहाची आसनसंख्या, प्रवेश मोफत असल्याचं, एकदाच दाखवणार असल्याचं आणि मराठी उपशीर्षकं जोडणार असल्याचं स्पष्ट लिहा. उपशीर्षकं म्हणजे भाषांतर, त्याची संमती वेगळी मागावी लागते. जुलैला सुरू करायचं तर पत्र मार्चमध्ये गेलं पाहिजे.

जुन्या कामांबद्दल एक. भारतात चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. पण त्यातली संहिता आणि संगीत यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणून नुसतं प्रदर्शनाचं वर्ष मोजून निर्धास्त होऊ नका.

परवाना येईपर्यंत हाताशी असावी अशी गोष्ट म्हणजे अमेरिकी सरकारनं १९४२ ते १९४५ मध्ये काढलेली 'व्हाय वी फाइट' ही सात चित्रपटांची माला. अमेरिकी सरकारी काम म्हणून तिथं ती प्रताधिकारमुक्त आहे. फ्रँक काप्रा यांच्या देखरेखीखाली बनली, सैनिकांना दाखवण्यासाठी. हा प्रचार आहे हे पहिल्याच वाक्यात सांगून दाखवली तर ती फार उपयोगी पडते.

उत्तर ५ : भैय्या चौक

विजापूर वेस यांनी सांगितलेल्या मालेतला सहावा चित्रपट चीनबद्दल आहे, १९४४ चा, तासाभराहून थोडा मोठा. कोटणीसांचा धागा तिथंच जोडा, आणि तो कसा ते सांगतो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. जुलै १९३७ मध्ये जपाननं चीनवर पूर्ण युद्ध लादलं. काँग्रेसनं डॉ. अटल यांच्या नेतृत्वाखाली पाच डॉक्टरांचं पथक धाडलं, ते सप्टेंबर १९३८ मध्ये निघालं. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. कोटणीसांनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेत काम केलं, कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, गुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथंच गेले.

आता तो अमेरिकी चित्रपट पाहा. त्यात चिनी कम्युनिस्ट जवळपास नाहीतच. कम्युनिस्टविरोधी नेता च्यांग कै-शेकच्या नेतृत्वाखाली सगळा चीन एक आहे असं चित्र उभं केलंय. ज्या सेनेत आपला सोलापूरचा डॉक्टर शस्त्रक्रिया करत होता तीच बाजू चौकटीबाहेर ठेवलेली आहे. शिवाय जपानच्या जगज्जेतेपणाच्या योजनेचा पुरावा म्हणून त्यात 'तनाका निवेदन' दाखवलंय. तो दस्तऐवज बनावट असल्याचं आज बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणून 'द वर्ल्ड ॲट वॉर' च्या सहाव्या भागानंतर या चित्रपटातली दहा-बारा मिनिटं दाखवा, मग कोटणीसांची माहिती सांगा आणि प्रेक्षकांना विचारा : हा माणूस या दोन्ही चित्रफितींमध्ये कुठे बसतो?

एक काळजी घ्या. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा कथापट आहे, कोटणीसांच्या भूमिकेत स्वतः शांताराम आहेत. त्यातलं दृश्य माहितीपटाच्या ओघात टाकलंत तर लोक ते खरं चित्रीकरण समजून घरी जातील.

हीच गफलत मोठमोठ्या मालिकांत झालेली आहे. रशियन क्रांतीतल्या, १९१७ च्या हिवाळी राजवाड्यावरच्या हल्ल्याची म्हणून जी धावपळीची दृश्यं दाखवतात ती सोव्हिएत दिग्दर्शक आयझेन्स्टाइनच्या दशकभरानंतरच्या चित्रपटातली असतात. प्रत्यक्ष हल्ल्याचं चित्रीकरण नाही. १९१६ च्या सोमच्या लढाईवरच्या ब्रिटिश चित्रपटात खंदकातून वर चढताना दोन सैनिक कोसळतात, ते दृश्य आघाडीच्या मागे तोफप्रशिक्षणाच्या जागी मुद्दाम घेतलेलं आहे. स्टालिनग्राडजवळ कलाच इथं नोव्हेंबर १९४२ मध्ये दोन सोव्हिएत फौजा भेटल्या, ती भेट कॅमेऱ्यासाठी नंतर पुन्हा घडवली. बर्लिनच्या राइशटाग या संसदभवनावर लाल झेंडा ३० एप्रिल १९४५ च्या रात्री चढला, सोव्हिएत छायाचित्रकार खाल्देईचं प्रसिद्ध छायाचित्र २ मेचं. बीबीसीच्या १९६४ च्या पहिल्या महायुद्धावरच्या मालिकेत अशी पुन्हा घडवलेली दृश्यं खरी म्हणून वापरल्याबद्दल इम्पिरियल वॉर म्युझियमचे संचालक नोबल फ्रँकलंड यांनी जोरदार हरकत घेतली होती. 'द वर्ल्ड ॲट वॉर' साठी तेच ऐतिहासिक सल्लागार होते, म्हणून ती या बाबतीत पुष्कळ सावध आहे.

मुलांना ओळखायला शिकवायचं तर प्रश्न साधा आहे : कॅमेरा कुठे उभा आहे? हल्ला करणाऱ्या सैनिकांचे चेहरे समोरून दिसत असतील तर कॅमेरावाला शत्रूच्या बाजूला, गोळ्यांकडे पाठ करून उभा होता. हे बहुधा शक्य नसतं. दुसरा प्रश्न आवाजाचा. रणांगणावरचं बहुतांश चित्रीकरण मुक्या कॅमेऱ्यांवर झालं, स्फोट आणि गोळीबार संकलनात नंतर भरले. हिंडेनबर्ग हवाईजहाज ६ मे १९३७ रोजी जळालं, त्या दृश्यावर निवेदकाचा रडवेला आवाज आपण ऐकतो. तो आवाज आणि ते चित्र वेगवेगळं टिपलेलं आहे, नंतर जोडलेलं. एक मिनिटाचा तुकडा आधी आवाजासह आणि मग आवाज पूर्ण बंद करून दाखवा. दहावीच्या पुस्तकात प्रसारमाध्यमं आणि इतिहास असं प्रकरण आहे, त्याला हा प्रयोग नेमका लागू पडतो.

वाचनकट्टा

भैय्या चौक, एकच शंका. कोटणीसांचा रविवार कितवा ठेवू? दुसरा की शेवटचा?

भैय्या चौक

दुसराच. भाग ६ चा क्रम तोच आहे, आणि पहिल्या रविवारी जर्मनी पाहून झाल्यावर 'युद्ध १९३९ मध्ये सुरू झालं' ही समजूत आशियाच्या बाजूनं लगेच तपासता येते. भैय्या चौकातलं त्यांचं घर आता महापालिकेनं स्मारक म्हणून जपलेलं आहे. त्या दिवशी सकाळी मुलांना तिथं घेऊन जा आणि दुपारी सभागृहात या. स्मारकाची रविवारची वेळ मात्र आदल्या आठवड्यात जाऊन विचारून घ्या.